बटणावरचा हात

"चप्पल काढून ये," सासूबाई गच्चीच्या दारातच म्हणाल्या. "धपाधपा चालतेस, ट्रायपॉड हादरतो."

मी निमूटपणे अनवाणी झाले. सासूबाईंपुढे कोणाचं काही चालत नाही. आयुष्यभर त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला. रडकी पोरं, रुसलेल्या नवऱ्या, कॅमेऱ्याला घाबरणारे पोलीस, सगळ्यांना सरळ बसवलं. मग त्यांचे हात थरथरू लागले. स्टुडिओ बंद झाला आणि त्यांनी कॅमेऱ्याचं नावच टाकलं. आज नवऱ्यानं ताऱ्यांचे फोटो काढायचा घाट घातला, तेव्हा मात्र त्या आपणहून म्हणाल्या, "एक मी काढते."

"आई, टायमर लावतो," नवरा म्हणाला.

"फोटो माणसानं काढायचा. घड्याळानं नाही."

त्यांनी बटण दाबलं आणि जुन्या सवयीनं फोटो पूर्ण होईपर्यंत, चांगले पंधरा सेकंद, बोट तिथंच ठेवलं. पाहिलं, तर एकेका ताऱ्याची अळी झालेली.

"हा आकाशाचा नाही, माझ्या हाताचा फोटो आहे," म्हणत त्या खुर्चीत बसल्या. पुन्हा त्या कॅमेरा धरणार नाहीत, असंच आम्हा दोघांनाही वाटलं.

पण शेवटी त्यांनीच विचारलं, "टायमर कितीचा आहे?"

"दहा सेकंद. दाबायचं आणि हात काढायचा. तोवर कॅमेरा स्थिर होतो."

"म्हणजे दाबायचं मीच?"

"तूच."

"मग तसं सांग की."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हसू गिळलं.

मग बाईंच्या अंगात स्टुडिओ संचारला. वाऱ्यानं फडफडणारा कॅमेऱ्याचा पट्टा काढायला लावला, ट्रायपॉडचे पाय आखूड करवले. वजनासाठी लटकवलेली पिशवीच झुलत होती, ती जमिनीला टेकवली. "आणि तू पाय हलवू नकोस," माझ्या नवऱ्याला दम भरला.

त्यांनी बटण दाबून हात मागे घेतला. हात हवेत थरथरत राहिला, कॅमेरा नाही.

फोटो मोठा करून पाहिला. तारा न तारा टाचणीच्या टोकासारखा बारीक. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कशाचाही कधी वाटलेला नाही. सासूबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या.

नवरा आधीचा फोटो पुसायला लागला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तोही मीच काढलाय."