उलट्या आट्यांचं चाक

ऑब्री ट्रँटरने ती हिरवी, उघड्या टपाची दोन आसनी गाडी विकत घेतली तेव्हा त्याची मुलगी कॉलेजात होती आणि गाडी एका शेतकऱ्याच्या कोठारात, कोंबड्यांच्या ताब्यात होती. गाडी पुन्हा रस्त्यावर आली तोवर मुलीला दोन मुलं झाली होती. मधल्या काळात ऑब्रीने शाळेतली भूगोलाची मास्तरकी सोडली, एक गुडघा बदलून घेतला आणि गाडीचा एकेक स्क्रू काढून, घासून, बिस्किटांच्या डब्यांत ठेवून परत लावला. त्याची बायको हिलरी या सगळ्या काळात टॉर्च धरून उभी होती. टॉर्च धरणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी तो नवऱ्यासाठी कधी धरलेला नसतो. नट निघाला तर ते काढणाऱ्याचं कसब, आणि नाही निघाला तर उजेड चुकीच्या जागी पडला.

म्हणून सत्तराव्या वाढदिवसाला काय हवं असं ऑब्रीने विचारलं तेव्हा हिलरीचं उत्तर तयारच होतं.

"गाडी. एक दिवस. आणि तू नको."

ऑब्रीला हे समजायला थोडा वेळ लागला. त्याने सुचवलं की आपण नुसतं बाजूला बसू, तोंड उघडणार नाही. हिलरी म्हणाली की तू गप्प बसलास की जास्त ऐकू येतं. तिला एकटीने बहिणीकडे, रोझलिंडकडे, बिशप्स कासल गावाला जायचं होतं. तिच्यासाठी लिंबाचा केक करून झाला होता, डोक्याला बांधायचा रुमाल इस्त्री करून झाला होता. थोडक्यात, चर्चा संपली होती.

शनिवारी सकाळी निरोपाला ग्लिन बेब आला. ग्लिन हा ऑब्रीचा जुन्या गाड्यांच्या मंडळातला मित्र. जन्मभर सरकारी नोकरीत दुकानदारांची वजनमापं तपासून निवृत्त झालेला, त्यामुळे समोरच्याची चूक दिसली की त्याच्या चेहऱ्यावर जी शांती पसरते ती इतरांना चर्चमध्येही लाभत नाही. तो आपल्या काळ्या, पोक्त, चार दारांच्या जुन्या गाडीतून आला, हिरव्या गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, आणि काही सापडलं नाही म्हणून जरा खट्टू झाला.

ऑब्रीने बायकोला सूचना दिल्या. त्यातल्या दोन महत्त्वाच्या. पहिली, मोबाइल घरी ठेवायचा. गाडी एकोणीसशे एकसष्टची, त्यानंतर जन्मलेली कुठलीही वस्तू तिच्यात बसत नसे. हा ऑब्रीचा नियम होता आणि त्यापायी नातवंडांनाही अजून बसायला मिळालं नव्हतं. त्याने स्वतःच्या हाताने हिलरीच्या पर्समधून फोन काढून ओट्यावर ठेवला. दुसरी, खालच्या सपाट रस्त्याने जायचं नाही, लाँग मिंडच्या घाटाने जायचं. अशी गाडी सपाटीवर चालवणं म्हणजे घोड्याला कारकून करणं, असं तो म्हणाला. घाटाचा रस्ता एका गाडीपुरता, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. कठडासुद्धा नाही. हिलरी म्हणाली, ठीक आहे, आणि गेली. ग्लिनने फाटकातून निघतानाचा तिचा फोटो काढला.

मग दोघे मित्र स्वयंपाकघरात येऊन बसले. टोस्ट झाले, मुरंबा झाला, दुसरा चहा ओतला गेला. ऑब्री गाडीच्या आवाजाबद्दल बोलत होता. ग्लिन मोबाइलवर फोटो मोठा करून बघत होता. आधी हिलरी मोठी केली, मग दिवा, मग मागचं चाक.

"ऑब्री," तो म्हणाला, "तुझ्या डाव्या चाकावर 'उजवं' असं का लिहिलंय?"

या गाड्यांची चाकं तारांची, सायकलसारखी, आणि प्रत्येक चाक मधल्या एकाच मोठ्या नटाने धरलेलं. नटाला दोन कान. तांब्याच्या हातोड्याने त्या कानांवर ठोकून तो आवळायचा किंवा सैल करायचा. गंमत अशी की डाव्या आणि उजव्या चाकांचे आटे एकमेकांच्या उलटे असतात. आपापल्या बाजूला असले तर गाडी जितकी धावेल तितका नट घट्ट होत जातो. बाजू बदलली तर गाडी जितकी धावेल तितका सुटत जातो. ही अदलाबदल कुणी करू नये म्हणून कारखान्याने नटांवर 'डावं' आणि 'उजवं' अशी ठळक अक्षरं कोरली होती. ती ऑब्रीने मंडळाच्या प्रदर्शनासाठी इतक्या निष्ठेने पॉलिश केली होती की आता सकाळची तिरपी उन्हं पडल्याशिवाय ती वाचता येत नसत.

ऑब्रीने फोन हातात घेतला. त्याला गॅरेज आठवलं. मागचा आस काढून लाकडी घोड्यांवर ठेवला होता, आणि खिडकीचा उजेड बरा म्हणून तो समोरच्या अंगाने उभा राहून काम करत होता. त्याचा डावा हात तो गाडीचा उजवा. ज्यावर चाक चढतं ते दोन्ही तुंबे त्याने आपल्या हाताप्रमाणे बसवले. पुढे चाकं चढवताना नट आट्यात शिरेनात, हेही त्याला आठवलं. आपण डब्यात नटच उलटसुलट ठेवले, असं समजून त्याने नटांची बाजू बदलली. मग ते लोण्यात सुरी जावी तसे गेले, आणि त्याला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

"मागची दोन्ही," तो म्हणाला. "दोन्ही सुटत चालली असतील."

ग्लिनच्या चेहऱ्यावर या वेळी शांती पसरली नाही. त्याने कप बशीत ठेवला.

हिलरीचा फोन समोर ओट्यावर होता. घरची दुसरी गाडी, छोटी जपानी, दारात होती आणि तिची किल्ली हिलरीच्या पर्समध्ये. ऑब्रीने रोझलिंडला फोन लावला. ती अजून पोचली नव्हती. रोझलिंड म्हणाली की ती आली की तिला थांबवते, नाही आली तर तुझ्याशी बोलते, आणि ते तिने अशा आवाजात सांगितलं की ऑब्रीला दोन्ही वाक्यं सारखीच वाटली.

राहिली ग्लिनची काळी गाडी. या गाडीने जन्मात कधी घाई केली नव्हती. ती सुरू व्हायला पुढून हँडल मारावं लागे, आणि ग्लिन प्रत्येक वेळी अंगठा हँडलच्या कुठल्या बाजूला ठेवायचा याची खात्री करून घेत असे. आजही घेतली. ऑब्री आत बसून डॅशबोर्डकडे बघत राहिला. त्याला ओरडायचं होतं, पण ओरडायला शब्द लागतात.

घाट सुरू झाला तशी गाडीने मान टाकली. पहिल्या गिअरमध्ये ती माणसाच्या चालीने चढू लागली. एका वळणावर मेंढ्या रस्त्यात बसल्या होत्या. डोंगर त्यांचा आणि रस्ताही त्यांचाच, असा तिथला रिवाज, त्यामुळे हॉर्न वाजवला तरी त्या आधी रवंथ पुरा करतात. ऑब्री उतरला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा एका मेंढीला ढकललं. ती हलली नाही. तिच्या मागची हलली.

प्रत्येक वळणावर तो खिडकीतून खाली दरीत बघत होता. गाडीच्या रंगासाठी त्याने दोन रंगारी बदलले होते, एकाशी कायमचं भांडण केलं होतं, आणि शेवटी हवी ती अचूक हिरवी छटा मिळवली होती. आता त्याला दिसत होतं की सगळा डोंगर त्याच छटेचा आहे. नेचे, गवत, शेवाळ, खालचा ओढा, सगळं तेच. तिथे एक गाडी पडली असती तर चार दिवस कुणाला दिसली नसती.

"ती हळू चालवते," ग्लिन म्हणाला.

"ती हळू चालवते कारण मी बाजूला असतो."

थोड्या वेळाने ग्लिन म्हणाला की रस्त्यावर चाक पडलेलं दिसलं नाही, ही जमेची बाजू. ऑब्रीने त्याला गप्प राहायला सांगितलं. मग एक वळण गेल्यावर त्याने ग्लिनला काहीतरी बोलत राहायला सांगितलं.

माथ्यावर वारा होता. पठारावर उन्हाळ्यात सहलीला येणाऱ्यांसाठी आइस्क्रीमची गाडी उभी असते, तशी ती उभी होती. तिच्यामागे, नेच्यांच्या कडेला, हिरवी गाडी उभी होती. चारही चाकांवर. आणि बॉनेटला टेकून, डोक्याला रुमाल बांधलेली हिलरी आइस्क्रीम खात होती.

ग्लिनने ब्रेक दाबायच्या आतच ऑब्री उतरला. बदललेला गुडघा पळण्यासाठी नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डॉक्टर तिथे नव्हते. तो हिलरीजवळ पोचला आणि तिच्या दोन्ही दंडांना धरून उभा राहिला. आइस्क्रीम त्याच्या स्वेटरला लागलं.

हिलरीने ग्लिनच्या गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "पाठलाग करायचा नाही असं ठरलं होतं ना?"

तो तिच्या खांद्यावरून मागच्या चाकाकडे बघत होता.

"बरं, हे बघ, चिडू नकोस," ती म्हणाली. "उकळली. वर येता येता वाफा काढायला लागली. मी काही केलं नाही. या भल्या माणसाने डबाभर पाणी दिलं, ते घातलं. आता गार झाली, निघणारच होते."

"उकळली?"

"किटलीसारखी."

गेल्याच महिन्यात ऑब्रीने मंडळापुढे सर्वांचा चहा थंड होईपर्यंत भाषण केलं होतं, की योग्य दुरुस्ती केल्यास ही गाडी उकळूच शकत नाही. ग्लिन त्या भाषणाला पहिल्या रांगेत होता.

"वा," ऑब्री म्हणाला. "फार छान झालं."

हिलरीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

तो मागच्या डाव्या चाकापाशी खाली बसला. नट बोटांनी धरला आणि फिरवला. जो नट तांब्याच्या हातोड्याशिवाय हलता कामा नये तो बरणीच्या झाकणासारखा फिरला. दोन वेढे आणि हातात आला असता. उजव्या बाजूचा थोडा बरा होता. पुढे उतार होता, मैलभर, वळणावळणांचा.

क्षणभर त्याच्या मनात आलं की गाडीचं पाणी तपासायला आलो, एवढंच सांगावं. ग्लिन सांगणार नाही याची खात्री नव्हती. पण त्याने तो विचार सोडला तो तेवढ्यासाठी नव्हे. हिलरी शेजारी येऊन उभी राहिली होती आणि नट कसा फिरतोय ते बघत होती.

"मी तुंबे उलट्या बाजूंना बसवले," तो म्हणाला. "चाक निघालं असतं. उतरताना. मी तुला मुद्दाम या रस्त्याने पाठवलं."

हिलरीने दरीकडे पाहिलं. जरा वेळ तिने आइस्क्रीम खाल्लं नाही.

"तरीच," ती म्हणाली. "मघापासून मागून टकटक येत होती. मला वाटलं, एवढी नावाजलेली गाडी, बोलत असेल."

"घाबरलीस?"

"तेव्हा नाही. आत्ता थोडी." मग ती म्हणाली, "पण ऑब्री, दुसऱ्या वळणावर मी तिसरा गिअर टाकला ना, तेव्हा ती अशी काही गेली. तू इतकी वर्षं मला हे सांगितलंच नव्हतंस."

ऑब्रीला हसू आलं, आणि ते थांबेना, आणि मग डोळे पुसावे लागले. ग्लिन शिष्टाचार म्हणून आइस्क्रीमवाल्याकडे वळला आणि कोनाच्या वजनाची चौकशी करू लागला.

ग्लिनच्या मोबाइलवरून रोझलिंडला कळवलं. ती आधी रडली, मग ऑब्रीला फोनवर बोलावून घेतलं. ती काय म्हणाली ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण सगळं मान्य केलं. मग गाड्या उचलून नेणारा ट्रक मागवला. मंडळात ट्रकवरून गाडी घरी येण्यासारखी नामुष्की नाही. त्यातून शनिवार, बाजाराचा दिवस, गावातून जावं लागणार. लोक अशा वेळी अंधार पडेपर्यंत झुडपामागे थांबतात, असं ग्लिनने सांगून पाहिलं. ऑब्रीने ट्रकवाल्याला बाजारपेठेतूनच ने म्हटलं, तिथे हिलरीला बेकरीत बसवून चहा पाजायचा होता. केक तोवर चौघांनी मिळून संपवला होता, चौथा आइस्क्रीमवाला.

हिरवी गाडी साखळ्यांनी बांधून वर चढली. ट्रकच्या केबिनची पायरी उंच होती आणि ऑब्रीचा बदललेला गुडघा मघाच्या पळण्याचा हिशोब आता मागत होता; हिलरीने आधी चढून त्याला कॉलरला धरून आत ओढलं. तो मध्ये बसला, एका बाजूला ट्रकवाला, दुसऱ्या बाजूला ती. ग्लिन मागून येत होता आणि हळूहळू लहान होत चालला होता.

घाट उतरताना हिलरी सगळं सांगत होती. कुठे गिअर बदलला, कुठे एक म्हातारा सायकलवाला तिला बघून टोपी काढता काढता पडला, तारांच्या चाकांतून ऊन कसं रस्त्यावर पडत होतं. ऑब्रीने तिचं मनगट धरलं होतं. ट्रकवाल्याने दोनदा खाकरून पाहिलं आणि शेवटी म्हणाला की काका, जरा गुडघा घ्या, मला गिअर टाकता येत नाही.

ऑब्रीने गुडघा घेतला. मनगट सोडलं नाही.