लाल रेघेपर्यंत गेलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, पण गाण्यांचा नव्हे. उभ्या आयुष्यात माझ्या पोटात एकही गाणं गेलं नाही. मी ऐकली ती फक्त माणसं, आणि तीही अशी की ज्यांचं मन आजारी होतं.

कारखान्यात माझे शेकडो भाऊ माझ्यासोबत एका लांबलचक पट्ट्यावरून सरकत होते. तिथल्या एका बाईंनी माझ्या काचेमागे एक बारीक काटा बसवला. आवाज आला की हा काटा उजवीकडे उडतो. आवाज हळू असेल तर थोडा, मोठा असेल तर थेट लाल रेघेपर्यंत. बाई माझ्यासमोर मुद्दाम खोकल्या, काटा उडाला, आणि त्या म्हणाल्या, "कान तिखट आहेत हो याचे!" त्या कौतुकाने मी हरखून गेलो. माझे भाऊ दुकानांत गेले, हॉटेलांत गेले, गाणी वाजवत बसले. मी मात्र इस्पितळात आलो.

इस्पितळाच्या तळमजल्यावर मनाच्या आजारांवर संशोधन करणारा विभाग होता. माझी खोली त्याच्या अगदी टोकाला होती. दोन खुर्च्या, पाय डुगडुगू नये म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं टेबल, आणि आरपार न दिसणारी काच लावलेली खिडकी. टेबलावर मी असे आणि माझ्या शेजारी डोळे पुसायच्या कागदांचा डबा. आम्हा दोघांनाही उसंत नसे.

तुम्हाला ताप आला तर थर्मामीटर लावतात. मन खचलं तर काय लावणार? म्हणून तिथे प्रश्न विचारत. झोप लागते का, भूक लागते का, कशात मन रमतं का, जगणं नकोसं वाटतं का. प्रत्येक उत्तराला गुण देत. प्रश्न विचारत असे ती एक तरुण डॉक्टर, आमची ताई. मग माझ्यातली कॅसेट वरच्या मजल्यावर जाई. तिथले दुसरे डॉक्टर माणसाला न पाहता नुसतं ऐकून गुण देत. दोघांचे गुण जुळले तरच ते खरे धरत.

ताईला नियम फार कडक होते. प्रश्न छापलेल्या शब्दांतच वाचायचे. "अरेरे" म्हणायचं नाही, धीर द्यायचा नाही, डोळ्यांत पाणी आणायचं नाही. शेवटचा प्रश्न नेहमी एकच असे, "आणखी काही सांगायचं आहे का?" आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसायचं. मला वाटे, हा कसला कोरडा कारभार! दगडाला तरी पाझर फुटेल.

तेव्हा नैराश्यावरच्या एका नव्या औषधाचा अभ्यास चालू होता. निम्म्या माणसांना खरं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी साखरेची गोळी. कुणाला काय मिळतंय हे ना त्या माणसाला माहीत, ना ताईला. ते सगळं बंद पाकिटात होतं. सगळ्यांना तपासणीला बोलवायचं ते दर बुधवारी.

अशाच एका बुधवारी कंडक्टरकाका आले. काकू त्यांना हाताला धरून घेऊन आल्या होत्या. तीस वर्षं ज्यांनी बसमध्ये "पुढे सरका, आत फुटबॉल खेळाल एवढी जागा आहे" असं ओरडून अख्खी बस हसवली, ते काका आता भिंतीकडे तोंड करून झोपून राहत. त्यांनी पहिलं उत्तर दिलं आणि मला वाटलं माझं काहीतरी बिघडलं. काटा जागचा हललाच नाही. ताईने मला उचलून त्यांच्या तोंडाजवळ ठेवलं, तरी काटा नुसता थरथरला. एवढा बारीक आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

"आणखी काही सांगायचं आहे का?" ताईने विचारलं.

"नाही," काका म्हणाले. ताई नियमाप्रमाणे गप्प बसली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "घरी मी सगळ्यांना जड झालोय."

असे बुधवार जात राहिले. आधी काका "नाही" म्हणत आणि मग बोलत. पुढे पुढे "नाही" गळालं. काटा वर चढू लागला. मी त्याची वाट पाहू लागलो, हे तुमच्यापासून कशाला लपवू? मग एकदा काकांनी एका आजोबांची गोष्ट सांगितली. ते आजोबा छत्रीचंही तिकीट मागत, कारण छत्रीला खिडकीजवळची जागा हवी होती म्हणे! सांगता सांगता काका असे खदखदून हसले की काटा लाल रेघेवर जाऊन आदळला. ताई नियम विसरून हसली. बाहेर बाकावर बसलेल्या काकूंनी दार ढकलून आत डोकावलं. "हे हसले?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि पदराने डोळे पुसत दार लावून घेतलं.

सगळ्यांची खात्री पटली, औषध लागू पडलं. मग अभ्यास संपला आणि पाकिटं उघडली. काकांना साखर मिळाली होती.

मित्रांनो, इथे जी चूक झाली ती फक्त शहाण्या माणसांकडूनच होऊ शकते. विभागाचे प्रमुख म्हणाले, "साखरेवर बरा झालेला माणूस! साखर बंद केली म्हणून त्याचं काय बिघडणार? मोकळं करा त्यांना." ताई म्हणाली, "सर, पण ते दर बुधवारी यायचे…" तेव्हा सर म्हणाले, "येणं म्हणजे काय औषध आहे?" ताई गप्प झाली. गप्प बसण्याची तिला सवयच लागली होती.

पुढच्या बुधवारी काका ठरल्या वेळी येऊन बाकावर बसले. खोलीत नव्या अभ्यासाचा नवा माणूस होता. शिपाई म्हणाला, "काका, तुमचं संपलं ना आता."

"काय संपलं?"

"संशोधन हो. तुम्ही बरे झालात."

काका काय म्हणाले ते मला दारातून ऐकू आलं नाही. आवाज पुन्हा तेवढाच बारीक झाला असावा. त्यानंतर ते आले नाहीत.

आल्या त्या काकू, बऱ्याच महिन्यांनी, एकट्याच. काकांचे पहिले पाढे पंचावन्न झाले होते. साध्या दवाखान्यातून खऱ्या गोळ्या आणल्या, त्याही लागू पडेनात. "घरी विचारत नाही का कुणी त्यांना?" ताईने हळूच विचारलं.

"विचारते ना. रोज विचारते. पण ऐकून मला रडू येतं, मग ते 'काही नाही' म्हणतात. तुम्ही रडत नव्हता, म्हणून तुम्हाला सांगायचे." काकू टेबलाकडे वळल्या. "ते हसले होते ना, ते यात आहे ना? मला द्या. त्यांना ऐकवते. म्हणते, बघा, हे तुम्हीच आहात. अजून आहात."

ताईचा चेहरा उतरला. रुग्णाचं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून अभ्यास संपला की कॅसेटी पुसायच्या, आणि त्याच पुन्हा वापरायच्या, असा तिथला नियम होता. पुसण्याचं काम माझंच होतं. बटण ताईने दाबलं होतं आणि हसू मी पुसलं होतं.

"शेवटचं टोक तरी राहिलं असेल हो," काकू म्हणाल्या.

ताईने ती कॅसेट शोधून लावली. कुणी परका माणूस झोपेबद्दल बोलला, आणि मग नुसती खरखर सुरू झाली. ताईचा हात बंद करायला पुढे आला. काकूंनी तो धरला. कॅसेट खाटकन थांबेपर्यंत त्या माझ्याशी कान लावून ती खरखर ऐकत राहिल्या. मग पिशवी उचलून निघून गेल्या. पुढचा रुग्ण दारात उभा होता.

औषध साखरेपेक्षा सरस नाही, असा अभ्यासाचा निष्कर्ष छापून आला. त्यात काका "सुधारलेल्या" रुग्णांमध्ये मोजले गेले. आजही ते तिथे सुधारलेलेच आहेत.

ताई दुसरीकडे गेली. तळहाताएवढी नवी यंत्रं आली आणि मला तुटक्या खुर्चीसोबत कपाटात टाकलं. मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझ्यात जपण्यासारखं जे होतं ते मीच पुसलं. तुमच्या घरी कुणी भिंतीकडे तोंड करून झोपत असेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि घरी त्याच्याजवळ बसून विचारा. उत्तर संपेपर्यंत गप्प बसा. रडू आलं तर नंतर रडा. आणि तो बरा दिसला म्हणून विचारणं थांबवू नका. एवढं करूनही तो बरा होईलच, असा शब्द मी देऊ शकत नाही. मी तसा शब्द कुणाच्याच तोंडून ऐकलेला नाही.

कपाटाबाहेरच्या व्हरांड्यात अजून कधी कधी कुणी मोठ्याने हसतं. मी कान टवकारतो. ते काका नसतात.