मर्व्ह उभा राहिला, त्याची गोष्ट

मर्व्ह डनस्टन निवडणुकीला उभा राहिला आणि क्वीन्सलंडच्या आमच्या धुळकट गावातल्या माझ्या पबला बरे दिवस आले. "बाहेरच्यांना हाकला!" असं तो एकदा बरळला, तेव्हापासून टीव्हीवाले पबच्याच वरच्या भाड्याच्या खोल्यांत मुक्कामाला. त्यांना समर्थक हवे होते, विरोधकही हवे होते. गावात माणसं मूठभर! मग आम्हीच सकाळी मर्व्हचा जयजयकार करायचो आणि दुपारी टोप्या बदलून त्याच्या नावानं शंख करायचो. संध्याकाळी 'गाव दुभंगलं' ही बातमी बघत सगळे मिळून बिअर प्यायचो.

मतं मोजली, तर मर्व्ह सपाटून आपटला. निवडून आली पाण्याचा पंप दुरुस्त करून घेणारी जोआन. तिच्याकडे एकही कॅमेरा फिरकला नव्हता.

टीव्हीवाली माझ्यावर उखडली. "अहो, सगळे त्याच्याविषयीच तर बोलत होते!"

"तू त्याच्याविषयीच विचारत होतीस, बाई! मत कुणाला देणार, हे विचारलंस एकदा तरी?"

मर्व्ह काउंटरशी रडवेला होऊन बसला होता. मी त्याला फुकट बिअर दिली.

"पुढच्या वेळीही उभा राहा हं, मर्व्ह."

"तू मत देशील?"

"मत कसलं मागतोस, मेल्या! खोल्या भरून दे."