हिरवं झालं की, मावशी

गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप मी एकट्यानं लिहिलं आणि ते अंधांनाही वापरता येतं असं छातीठोकपणे जाहीर केलं. पुरावा? तपासणीच्या प्रोग्रॅमनं दिलेले शंभरपैकी शंभर गुण. शिवाय पडद्यावरचा मजकूर वाचणारा आवाज सुरू करून मी स्वतः ते तपासलं होतं. अर्थात डोळे सताड उघडे ठेवून.

मावशीची नजर दोन वर्षांपूर्वी गेली. ती एकटी राहते आणि तसंच राहायचं म्हणते. तिच्या मुलाला, म्हणजे दादाला, ते पटत नाही. रविवारी त्यानं अट घातली, "गोळी घेतल्याची नोंद रोज माझ्या फोनवर आली तर राहा इथे. नाहीतर माझ्याकडे यायचं."

मावशीनं लगेच आपल्या फोनवर माझं ॲप उघडलं. आवाज म्हणाला, "हसरी गोळी, चित्र."

"हसतेय कशाला? बीपीची ना ती?"

"सजावट आहे," मी म्हणालो.

"खास माझ्यासाठी? वा."

तिनं नुसतं करून बघायला 'घेतली' हे बटण शोधून दाबलं. शांतता. जरा थांबून तिनं पुन्हा दाबलं. दादाचा फोन दोनदा वाजला.

"दोन गोळ्या घेतल्यास?" दादा उठलाच. "झालं. सामान भरू या."

"अरे, एकही घेतली नाही अजून! नोंद झाली की नाही, मला कसं कळणार?"

"बटण हिरवं झालं की, मावशी," मी म्हणालो.

"हिरवं," ती म्हणाली. "विज्ञान शिकलास ना तू? मग हे हिरवं कानानं ऐकायचं की नाकानं हुंगायचं?"

दादा कपाटावरची बॅग काढत होता. मावशीनं खांद्यावरचा नॅपकिन माझ्या हातात कोंबला. "बांध डोळ्यांना. आता तू नोंदव."

प्रत्येक बटणाची जागा मला पाठ होती. दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. लागलं की नाही? पुन्हा दाबलं. मग खात्रीसाठी आणखी तीनदा.

"पाच!" दादा ओरडला.

"मग आधी ह्याला ने तुझ्याकडे," मावशी म्हणाली. "मी दोनवर थांबले होते."

दादाला हसू आवरेना. "बरं, आठवडा देतो."

"'नोंद झाली' असं ॲपला बोलायला लावायचं, बस," मी नॅपकिन सोडत म्हणालो. "एका ओळीचं काम आहे."

"एका ओळीचं? आणि तेवढ्यासाठी माझं घर सुटत होतं?" तिनं खुर्ची माझ्याकडे ढकलली. "बस इथेच आणि लिही. आणि तू रे, ती बॅग वर ठेव."