दुप्पट देणाऱ्यावर माझा संशय

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे आणि स्वभावाने फार संशयी आहे. पहिल्याच वर्षी मला कुणीतरी रॉकेल मिसळलेले पेट्रोल पाजले. तेव्हापासून स्वस्तात मिळणाऱ्या कशावरही माझा भरवसा नाही.

माझे मालक शालिग्रामजी सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते. घर रायपूरच्या पुरानी बस्तीत. रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन दोनच वर्षे झाली होती आणि शहरात रोज नव्या ऑफिसांच्या पाट्या लागत होत्या. त्यांची मुलगी कौमुदी तेव्हा पहिलीत गेली होती.

एका रविवारी इंदूताईंचा, म्हणजे मालकीणबाईंचा, धाकटा भाऊ सुशील आला. तो एका नव्या कंपनीचा एजंट झाला होता. दाराशीच, माझ्या सीटवर त्याने कागद पसरले.

“ताई, चार वर्षांत पैसे दुप्पट. कौमुदीच्या कॉलेजची चिंताच खतम!”

“दुप्पट कोणी काहून देते? त्याईले काय मिळते यातून?”

“भावावर शक करून राहिली का?”

“तुह्यावर नाही रे. तुह्या कंपनीवर.”

शालिग्रामजींना मेहुण्याचे मन मोडवत नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघे माझ्यावर बसून तेलीबांध्याला कंपनीचे ऑफिस पाहायला गेले. मी उघड्या दाराबाहेरच उभी होते. इंदूताईंनी तिथल्या साहेबाला तीनदा विचारले, “आमचे पैसे कुठं लावता?” त्याने तीनदा थंडा मागवला. उत्तर दिले नाही.

इंदूताई उठल्या आणि आम्ही तिथून सरळ पोस्टात गेलो. कौमुदीच्या शिक्षणासाठी महिन्याला तीनशे रुपयांचे खाते उघडले. संशय तिथेही होताच! दर महिन्याला पासबुकावरचा शिक्का उजेडात धरून पाहिल्याशिवाय इंदूताई माझ्यावर बसत नसत.

सुशील रागावला. भाऊबीजेलाही येईना. पुढे शेजाऱ्यांनी त्या कंपनीत ठेवलेले पैसे खरोखरच दुप्पट होऊन आले, सुशीलने नवी मोटारसायकल घेतली. एकदा पोस्टातून परतताना मागे बसलेल्या इंदूताई हळूच म्हणाल्या, “अजी, आपलं चुकलं तर नाही?” मलाही माझ्या संशयाचाच संशय येऊ लागला.

कौमुदी बारावीत असताना त्या ऑफिसला कुलूप लागले. आधीच्या लोकांना दिलेले पैसे नंतरच्या लोकांचेच होते, हे तेव्हा कळले. त्या संध्याकाळी सुशील पायीच आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“माहे पैसेबी गेले, ताई. माह्या पोरीच्या, पिंकीच्या शिक्षणाचे सगळेच. अन् लोक मलेच चोर म्हणून राहिले. मीच तर आणले होते त्याईचे पैसे.”

इंदूताईंनी त्याला पाणी दिले. मग त्यांनी विचारले, “पिंकी कितवीत आहे?”

“सहावीत.”

“मंग अजून सहा वर्षं आहेत. उद्या पोस्टात चाल.”

कौमुदीच्या कॉलेजची पहिल्या दोन वर्षांची फी त्या खात्यातून भरली गेली. पुढच्यासाठी कर्ज काढावे लागले. ती पाळण्यात असतानाच सुरुवात करायला हवी होती, असे शालिग्रामजी अजूनही म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या शिक्षणासाठी घरात कोणी पैसे बाजूला टाकत असेल, तर ते कुठे ठेवले आहेत हे जरूर विचारा. पैसे घेणारा अगदी आपला माणूस असला तरी आई-बाबांनाही तसेच विचारायला सांगा. विचारल्याने माया कमी होत नाही. आणि जो अशा प्रश्नाने रागावेल, त्याच्या हाती ते पैसे देऊ नका.