एकाच रोपाला दोघांचं पाणी

मी हरणगवत बोलतेय. नाव गवताचं असलं तरी मी औषधी. वास पुदिना आणि ओवा यांच्या मधला. नारिन गावाच्या वर, डोंगरातल्या कुरणात, दगडांच्या फटीत मी जन्मले. तिथून आसनकुलने मला मुळासकट उपटलं आणि घरी आणून एका जुन्या बादलीत लावलं.

त्याच्या बायकोची, झुराकानची, छाती धडधडायची. तिला डोंगर चढवेना. "तू वर येत नाहीस, मग हीच आली खाली," तो म्हणाला होता. रोज माझी चार पानं तिच्या चहात पडायची.

पुढे त्यांच्या मुलीने, मीरगुलने, न विचारता दूर दक्षिणेतल्या ओश शहराच्या एका मुलाशी लग्न केलं आणि ती तिकडे गेली. आसनकुल गरजला, "या घरात तिचं नाव निघायचं नाही!"

"मग माझंही घेऊ नका," झुराकान म्हणाली आणि गप्प झाली.

तो जवळजवळ अख्खा हिवाळा ती दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. खिडकीपाशी मी, चुलीपाशी ती, दाराकडे तोंड करून तो. एवढं शांत तर बर्फाखालीसुद्धा नसतं.

मी थंडी सोसते, दुष्काळ सोसते. पाण्याचा लाड मात्र मला सोसत नाही. झुराकान सकाळी पाणी घालायची. दुपारी ती शेजारच्या शाकेनकडे गेली की आसनकुल घालायचा. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. माझी पानं पिवळी पडली, तशी दोघांनीही काळजीने पाणी वाढवलं. मुळं कुजू लागली. ओरडून सांगायला मला तोंड कुठलं?

एके दुपारी झुराकान लवकर परतली. तो तांब्या घेऊन माझ्यावर वाकला होता.

"अहो, काय करताय?"

"दिसत नाही? पाणी घालतोय."

"सकाळी मी घातलं ना!"

"मला कोण सांगणार? भिंत?"

ती हसली. हसता हसता खाली बसली आणि रडू लागली. तो तांब्या धरून तसाच उभा.

मग दोघांनी मला बाहेर काढलं, कुजकी मुळं छाटली, मातीत खडी मिसळली. पंधरा दिवस पाणी बंद.

"घातलं नाहीस ना?"

"नाही हो. तुम्ही?"

रोज एवढंच. मग जास्त. एकदा तो माझ्याकडेच बघत म्हणाला, "ओशला थंडी कमी. तुझ्या छातीला बरं पडेल."

झुराकान उठली. पेटी उघडून तिने कपडे भरायला घेतले.

वसंतात ती दोघं निघाली. आसनकुलने मला अंगणात, कुंपणालगत लावलं.

"शाकेनला लक्ष ठेवायला सांगू?" झुराकानने विचारलं.

"कशाला? ही चिवट आहे. जगेल."

जगले. हा तिसरा उन्हाळा. दाराला कुलूप आहे. मी हातभर पसरलेय, जांभळी फुलून आलेय आणि कुणी खुडत नाही, म्हणून खोडं लाकडासारखी होत चाललीत. परवा शाकेन कुंपणापलीकडे कुणाला तरी सांगत होती, की आसनकुल तिकडे नातीला खांद्यावर घेऊन बाजारभर हिंडतो, आणि त्याची बडबड थांबत नाही.

ऐकून बरं वाटलं. खरंच वाटलं.

पण वाटेने जाणाऱ्या बाबांनो, कुंपण बुटकं आहे. फुलं आहेत तोवर आत या आणि मूठभर खुडून न्या. चिवट असले, तरी कुणाच्या तरी हाताला माझा वास लागावा, असं मला वाटतं.