जयाबाईचा उजवा कान

निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांचे हात मोकळे नसतात, तोंड मात्र मोकळं असतं. जयाबाई मोबाइल डाव्या कानाशी धरायची, वरून डोईला रुमाल करकचून बांधायची आणि विड्या वळता वळता लेकीशी बोलायची. लेक सौम्या लांब मच्छे गावाला दिलेली. सासू आसपास असली की ती कुजबुजायची. तिचं ऐकून घेणारं दुसरं होतंच कोण?

अशी कैक वर्षं गेली आणि डावा कान भुणभुणायला लागला. ऐकूही कमी येऊ लागलं. न कळलेल्या बोलण्याला जयाबाई "व्हय, व्हय" म्हणून वेळ मारून न्यायची. शेवटी घाबरून तिनं डॉक्टर गाठला.

"ह्या मोबाइलनंच झालंय न्हवं?"

"तसं ठाम कुणालाच सांगता येत नाही. नसेलच, असंही म्हणत नाही. इअरफोन लावा, नाहीतर स्पीकरवर बोला."

आता यातून बाईनं काय समजायचं? शेजारी बसणारी मालुबाई तर म्हणाली, "मोबाइलचं काय घेऊन बसलीस? तंबाखूची धूळ किती जातीया अंगात, ते बघ की!" जयाबाईचं डोकं आणखीच चक्रावलं. मोबाइल सोडला तर लेक एकटी पडणार, तंबाखू सोडली तर खायचं काय?

इअरफोनची वायर पानांत अडकायची. मग तिनं स्पीकर लावून मोबाइल समोरच्या सुपात ठेवला.

"आई, कोण हाय गं तिथं?"

"मालुबाई हाय. का गं?"

"काय न्हाय. सगळं बरं हाय." फोन बंद.

दुसऱ्या दिवशीही सगळं बरंच. ज्या घरात लेकीला कधी सुखाचा घास मिळाला नाही, तिथं एकाएकी सगळं बरं कसं?

तिनं पुन्हा फोन लावला, डाव्या कानाशी धरला. नुसती भुणभुण.

"मोठ्यानं बोल गं."

तिकडून आवाजच येईना. मोठ्यानं बोलण्यासारखं ते नव्हतंच.

उजवा कान अजून धड होता. तोही गेला तर? जाईल की नाही जाणार? डॉक्टर एक सांगतो, मालुबाई भलतंच. जयाबाईला काहीच उमजेना, नुसती भीती वाटत होती. तिनं मोबाइल उजव्या कानाशी धरला, वरून रुमालाची गाठ मारली.

"हां, बोल आता. हळूच बोल."

"आई," सौम्या कुजबुजली, "कवापासनं सांगतीया, मला घेऊन जा म्हणून. तू नुसतं व्हय, व्हय म्हणतीस."